दातवाल्या भाच्याचा मामा

शिवथरचा रितेश महाड एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात कामाला. धाकटी बहीण दर्शना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. महाडच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. बाळानं रडायला तोंड उघडलं, तर खालच्या हिरडीवर चक्क एक दात!

आई बनुबाईनं रितेशला फोन केला. "भाचा झाला रे. पन तू येऊ नको एवढ्यात. दात घेऊन आलाय. मामाला जड असतं."

रितेश कारखान्यातली पाळी संपल्यावर तसाच दवाखान्यात गेला, हात धुतले आणि भाच्याला उचलून घेतलं.

"तीन किलोचा पन नाय हा. मला कसला जड जातोय?"

दर्शना हसली. टाके दुखले, तरी हसतच राहिली.

घरी आल्यावर मात्र बाळ पाजायला घेतलं की तिला दाताची धार लागायची. बाळाच्याही जिभेखाली घासून घासून जखम झाली. चार घोट प्यायचं नि तोंड बाजूला करून रडायचं. शेजारीण म्हणाली, "दोरा बांधून ओढून काढा."

"कोनी हात लावायचा नाय," रितेश म्हणाला आणि रिक्षा घेऊन आला.

महाडला दातांच्या डॉक्टर तेजश्रीबाईंनी बोटानं दात हळूच हलवून बघितला.

"घट्ट आहे. खिळखिळा असता तर काढावा लागला असता, नाहीतर निसटून श्वासनळीत जायची भीती. हा त्याचा दुधाचाच दात आहे, फक्त घाईनं आलाय. काढला तर कितीतरी वर्षं ती जागा रिकामी राहील. नुसती धार घासू या."

रितेशनं बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. बाळाच्या आधी त्यालाच घाम फुटला. धार गुळगुळीत झाली. दर्शनानं तिथंच दवाखान्याच्या आतल्या खोलीत बाळाला छातीशी घेतलं. बाळ प्यायला लागलं ते थांबेचना.

"चावतोय का गो?" सोबत आलेल्या बनुबाईनं दारातून विचारलं.

"नाय गो आये!" दर्शनाचे डोळे भरून आले.

जीभ बरी झाली का ते बघायला बाईंनी पुन्हा बोलावलं, तेव्हा जखम भरलेली होती.

बारशाला गर्दी झाली. कुणीतरी दाताचा विषय काढलाच. बनुबाईनं नातवाला उचलून थेट रितेशच्या मांडीवर ठेवलं.

"दाव रे सगळ्यांना," ती म्हणाली.

रितेशनं बाळाचा ओठ हलकेच खाली केला. बायका पुढं वाकल्या. बाळानं मामाचं बोट तोंडात धरलं नि सोडेचना.