‘बोरणे’ कशावरून आलं

लहानपणी दिंद्रुडला ताईनं आणि मी आमची एक भाषा तयार केली होती. आईला कळू नये, एवढाच तिचा उद्देश. परवा माझी लेक मोबाइलवर कुणीतरी रचलेली एक परदेशी भाषा शिकत होती. ती म्हणाली, "तुमच्या भाषेचा कोश का नाही केलास?" मी बीडला शाळेत व्याकरण शिकवते, असला प्रश्न मला झोंबतोच. वही काढली. पन्नासेक शब्द भराभर उतरले आणि गाडी एका क्रियापदाशी अडली. बोरणे, म्हणजे अबोला सोडणे.

व्युत्पत्ती मला पक्की ठाऊक होती. भांडण झालं की ताई परकराच्या ओच्यातून बोरं आणायची आणि मूठभर माझ्यापुढं धरायची. म्हणजे आधी नमायची ती. तसं लिहूनही टाकलं. पण शिक्षकी खोड वाईट. साक्षीदार एकच, आणि तिच्याशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. तिच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत माझं नाव राहिलं, म्हणून मी लग्नाला गेले नाही. चूक तिचीच होती, आजही म्हणेन. पण तिची आठवण रोज यायची.

शेवटी फोन लावला. "कोशाचं काम आहे," म्हटलं. "बोरणे कशावरून आलं?"

ती म्हणाली, "बोरवरून."

"तेच लिहिलंय. तू बोरं आणायचीस."

"बोरं कुटली गं? हापशाचा बोर. आपुन भांडलो की माय एकच घागर देऊन दोगींना धाडायची. मी हापसायची, तू घागर धरायची. भरली का न्हाई ते तुलाच दिसायचं. तू बास म्हनल्याबिगर मला थांबता येत नव्हतं."

खरंच होतं. मी गाल फुगवून उभी असायचे, पाणी पायांवर सांडायचं, आणि शेवटी मलाच तोंड उघडावं लागायचं. ती बोरं मी कुठून आणली, देव जाणे.

"म्हंजे आधी मी बोलायची?" माझं व्याकरण कुठल्या कुठे गेलं.

"पयल्यापासून तूच." तिचा आवाज ओला झाला होता. "दोन वर्षं झालं हापसायले मी. कावून बास म्हनली न्हाईस?"

मी वहीतली ओळ खोडली.

"बास, ताई."

"मंग रविवारी ये जेवायला," ती म्हणाली. "पत्रिका न्हाई हां."