नाकातो, बाबिर्ये आणि आमची प्लेनोची भिशी

आमच्या भिशीचे मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे आहे. मिनिट्समध्ये येतं काय? काय ठरलं, कोणी काय करायचं, बस्स. खरी मजा त्यात बसतच नाही. मग मी ती पानाच्या मागच्या बाजूला खरडून ठेवते. तीन वर्षांत वहीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जाड झालीय!

झालं असं, की टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आम्ही सहा मराठी घरांनी भिशीचे पैसे आपापसात फिरवण्याऐवजी युगांडातल्या एका खेड्यातल्या बायकांना धंद्यासाठी छोटी कर्जं म्हणून द्यायचं ठरवलं. तिथे ग्रेस नावाची एक कार्यकर्ती हे सगळं बघते. दर शनिवारी सकाळी आठला आम्ही माझ्या घरी टीव्हीसमोर. तिकडे दुपारचे चार वाजलेले, आणि बारा बायका आंब्याच्या झाडाखाली ग्रेसच्या फोनसमोर. त्या त्यांच्या लुगांडा भाषेत बोलतात, ग्रेस इंग्लिश करून सांगते.

* * *

पहिल्या कॉलला आमचा मिलिंद स्लाइड्स घेऊन आला. मिलिंद पुण्याचा, इथे एका बँकेत रिस्कमध्ये. मायक्रोलोन म्हणजे काय, ग्रुप म्हणजे काय, गॅरंटी म्हणजे काय, अर्धा तास! बायका शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एक आजीबाई काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या खदखदून हसल्या.

ग्रेस म्हणाली, "त्या म्हणतात, हे आम्ही करतोच. दर आठवड्याला सगळ्या थोडे थोडे टाकतो आणि पाळीपाळीने एकीला सगळे देतो."

माझी आई तेव्हा सांगलीहून आलेली. किचनमध्ये कोथिंबीर निवडत होती. तिथूनच ओरडली, "अगं, ही तर भिशी! त्या मिलिंदला खाली बसव!"

* * *

मग अर्ज आले, फोटोंसकट. मी ऑफिसला ड्राइव्ह करत होते, तेवढ्यात मिलिंदचा फोन.

"अश्विनी, फ्रॉड आहे यार! एकाच बाईने दोन नावांनी अर्ज केलाय. एकात नाकातो, मंदाझी तळायची आहे. दुसऱ्यात बाबिर्ये, कोंबड्या पाळायच्यात. फेस सेम! मी झूम करून बघितलंय!"

शनिवारी त्याने वकिली आवाजात विचारलं, "यातली नाकातो कोण आणि बाबिर्ये कोण?" दोन बायका उभ्या राहिल्या. हुबेहूब एकसारख्या!

ग्रेसला हसू आवरेना. "आमच्याकडे जुळ्या मुलींची नावं ठरलेलीच असतात. थोरली बाबिर्ये, धाकटी नाकातो. नुसतं नाव ऐकलं तरी लोक विचारतात, दुसरी कुठेय?"

मिलिंदने घाईघाईने म्यूट केलं. सगळे एकाच खोलीत, एकाच माइकवर. आमचं हसणं युगांडापर्यंत पोचलंच नाही!

* * *

मंदाझी म्हणजे गोडसर, जाडसर, तळलेली पुरीच म्हणा. नाकातोची मंदाझी तेल प्यायला लागली, गिऱ्हाइकं कमी झाली. बिचारीने रडवेली होऊन एक मंदाझी कॅमेऱ्यासमोर धरली.

आई थेट टीव्हीपुढे. "तेल तापलेलं नाही!"

ग्रेसला मराठी कुठलं येतंय? आईने मग हवेत पिठाची गोळी तोडली, हवेतल्या कढईत टाकली, तोंडाने "चुर्रर्र" केलं आणि बोट वर नेलं. नाकातो दोन सेकंद बघत राहिली. मग तिनेही "चुर्रर्र" केलं!

पुढच्या शनिवारी तिने रिकामी टोपली उलटी करून दाखवली. सगळी मंदाझी संपली होती!

आई माझ्याकडे वळली. "तुला वीस वर्षं सांगतेय. तिला एकदाच दाखवलं!"

* * *

रोबिना शिंपीण. तिला पायाने चालवायचं शिलाई मशीन हवं होतं. मिलिंदचा हट्ट, इलेक्ट्रिक घे, डबल प्रॉडक्शन होईल. ती ऐकेना. शेवटी पायाचंच घेतलं.

एका शनिवारी कॉलवर मिलिंद तिला पुन्हा तेच समजावत होता, आणि बाहेर वादळ सुटलेलं. धाडकन आमच्या अख्ख्या कॉलनीची वीज गेली! टीव्ही बंद, वायफाय बंद. आम्ही सहा जण गॅरेजमधल्या व्हॅनमध्ये कोंबून बसलो आणि मोबाइल तिथे चार्जिंगला लावून परत कॉल लावला, वीज गेल्याचं सांगितलं. पलीकडून रोबिनाच्या मशीनचा आवाज येत होता, खडखड, खडखड.

रोबिनाने मान वर न करता विचारलं, "मिलिंद काय म्हणत होता?"

* * *

बाबिर्येने आपल्या कोंबड्यांना आमची नावं ठेवली. मंगळवारी ऑफिसच्या भर मीटिंगमध्ये ग्रेसचा मेसेज आला, "अश्विनी रोज अंडं देते. मिलिंद अजून देत नाही. बाबिर्ये काळजीत आहे."

दोन आठवड्यांनी दुसरा मेसेज, "काळजी मिटली. मिलिंद कोंबडा निघाला."

मिलिंदने ग्रुपवर उत्तर टाकलं, "थँक्स फॉर कन्फर्मिंग!"

* * *

गेल्या वर्षी मिलिंदचा ले-ऑफ झाला. एच-वन व्हिसा, म्हणजे साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर बायको-मुलीला घेऊन परत. आधीच सांगून टाकते, नोकरी लागली, अगदी नऊ दिवस उरलेले असताना. पण हे त्याच्या आधीचं.

दोन शनिवार तो आलाच नाही. नाकातोने विचारलं, "मिलिंद कुठेय?" मी खरं ते सांगितलं. बायका बराच वेळ आपसात बोलत राहिल्या. मग ग्रेस म्हणाली, "पुढच्या वेळी त्याला आणा. बोलावलंय म्हणून सांगा."

मी आणि माझ्या नवऱ्याने त्याला घरून उचलून आणला. दाढी वाढलेली, सोफ्याच्या कडेवर टेकलेला.

नाकातो उठली, काहीतरी म्हणाली. ग्रेसने सांगितलं, "ग्रुपमध्ये नवा माणूस घ्यायचा तर पाच जणींना त्याची हमी म्हणून उभं राहावं लागतं. ती विचारतेय, कोण उभं राहतंय?"

रोबिना उठली. बाबिर्ये उठली. मग मोजता येईना, कारण बाराच्या बारा उठल्या आणि स्क्रीनवर नुसते रंगीत कपडे दिसायला लागले.

"तुला घेतलंय," ग्रेस म्हणाली. "आता कर्जही मिळेल."

मिलिंद दोन्ही हात हलवायला लागला. "नाही, नाही... मी तुमचे पैसे कसे घेऊ?"

नाकातोने तिथूनच उत्तर दिलं, "आज कोण देतंय? आधी चार आठवडे वेळेवर यायचं!"

पुढच्या शनिवारी सातलाच बेल वाजली. दारात मिलिंद. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट!

आठला ग्रेसने हजेरी सुरू केली. बारा नावं झाली. ती थांबली, वही डोळ्यांजवळ नेली आणि जमेल तसं वाचलं, "मि-लिंद?"

तो सोफ्यावरून ताडकन उभा राहिला.

"प्रेझेंट!"