दापोडीचं मत

पास्कू मिस्त्री आठवड्यातून फक्त पाच मिनिटं गप्प बसत. रविवारी दुपारी तीन वाजता. त्या पाच मिनिटांत त्यांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा होई, मानेची शीर सुतळीएवढी फुगे, आणि चौथ्या मिनिटाला चर्चच्या छपराचे पत्रे थरथरत असल्याचा मला स्वतःला अनुभव आहे. पाचवं मिनिट सरलं की मिस्त्री तोंड उघडत आणि खडकीच्या छावणीतले घोडे कान टवकारत. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. उलट मी कमीच करून सांगतो.

हे मौन म्हणजे आमच्या 'संत योसेफ अभ्यास मंडळा'चा पहिला नियम. मंडळाचे सभासद तीन, त्यांत ख्रिस्ती एक. तो एक म्हणजे अध्यक्ष, पास्कू मिस्त्री. मूळचे वसईचे, आणि दापोडीत ज्या कारखान्यात मी फिटर होतो तिथेच बसगाड्यांच्या सांगाड्यांचं लाकूडकाम करणारे. दुसरा सभासद ज्ञानू सुतार, चाकणकडचा. तो गावी बैलगाड्या करायचा आणि नुकताच आमच्याकडे लागला होता. तिसरा मी. माझं अक्षर वळणदार म्हणून मिस्त्रींनी मला चिटणीस केलं. "पण मिस्त्री, मी हिंदू," असं म्हणालो तर म्हणाले, "मग काय झाला? योसेफ तरी कुठं ख्रिस्ती होता? तो सुतार होता. तुला खुंटी ठोकता येते ना? बस खाली."

आता अभ्यास कशाचा, तर येशूचा सुतार बाप संत योसेफ, त्याच्या जीवनाचा आणि विचारांचा. अडचण एवढीच की शुभवर्तमानात हा संत एक शब्दही बोललेला नाही. देवदूत बोलतात, राजे बोलतात, मेंढपाळ बोलतात. योसेफ झोपेतून उठतो आणि सांगितलेलं काम करतो. अशा माणसाच्या विचारांवर मिस्त्री दर रविवारी दीड तास बोलत. "बोलला नाय म्हणजे विचार नव्हता काय रे?" ते मला दटावत. "सुताराचा विचार तोंडात नसतो, हातात असतो. हत्यार बघ, म्हणजे विचार कळंल." आणि कुणी मध्येच शंका काढली की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "आधी माप, मग मत."

तर मापं घेऊन घेऊन मंडळाने एक मत काढलं. साहेबाची विलायती करवत रेटून कापते, आपली ओढून. कारखान्यात आमचे सुतार टेबलाशी उभे राहून साहेबाची करवत रेटायचे. ज्ञानूला ते काही केल्या जमेना. तो भुईवर फतकल मारायचा, फळी पायाच्या अंगठ्यांत धरायचा आणि गावाकडची करवत अशी ओढायचा, की आमची एक फळी होईतो त्याच्या चार होत. (खरं म्हणजे सहा, पण तुमचा विश्वास बसायचा नाही.) ते पाहून मिस्त्री आठ दिवस जेवले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "चिटणीस, लिही. योसेफ आपल्यासारखा पूर्वेकडच्या मुलखातला. तो काय साहेब होता, टेबल लावून उभा राहायला? तो भुईवर बसला. त्यानं करवत ओढली. आणि जो माणूस करवत आपल्याकडं ओढतो, तो जगाला रेटत नाय. कळला विचार?"

मला कळला. ज्ञानू म्हणाला, "व्हय, पर पाठ लई दुखती."

असा आमचा बत्तीस पानी निबंध तयार झाला, 'संत योसेफाची करवत : ओढीची की रेट्याची?' आमच्या चर्चचे फादर तरुण आणि नियमाचे पक्के. त्यांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला. "मिस्त्री, अभ्यास हे विद्वानांचं काम. उद्या तुम्ही काही भलतंच शिकवाल आणि जाब मला द्यावा लागेल. एकोणीस मार्चला संतांच्या सणाला पुण्याचे मोठे फादर येतील. त्यांनी रोममध्ये शिक्षण घेतलंय. हा निबंध मी त्यांच्याकडे पाठवतो. ते चालू द्या म्हणाले तर चालवा. नाही म्हणाले तर त्याच दिवशी मंडळ बंद."

मिस्त्री त्या दिवशी माझ्याबरोबर पायी परतले. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नदीच्या पुलावर थांबून म्हणाले, "सहा दिवस बसगाडीचा लाकूड, आणि सातव्या दिवशी हे मंडळ. ते गेला तर रविवारी मी काय, घरी पडून छपराची कौलं मोजू?" एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे मला कान देऊन ऐकावं लागलं.

सणाला दोन दिवस उरले आणि मिस्त्रींच्या डोक्यात किडा वळवळला. चर्चमधली योसेफाची मूर्ती प्लास्टरची, गोरीपान, गुलाबी गालांची. तिच्या डाव्या मुठीत पत्र्याची करवत. आणि तिचे दाते साहेबाच्या करवतीसारखे पुढे झुकलेले, रेट्याचे! "निबंधात एक आणि मूर्तीत दुसरा!" मिस्त्री ओरडले. "पुण्याचा फादर बोलंल, आधी घरची करवत सुधारा, मग रोमला शिकवा." उपाय सोपा होता. करवत मुठीतून काढायची, कानशीने दाते फिरवायचे, परत बसवायची. भर दुपारी फादर आजाऱ्यांना भेटायला गेलेले असताना आम्ही तिघे आत शिरलो. मिस्त्रींनी क्रूसाची खूण केली, करवत धरली आणि हळूच ओढली.

करवत आली. तिच्याबरोबर संताचा अंगठाही आला. खाली पडला आणि त्याचा पार भुगा झाला.

मग ज्ञानू म्हणाला, "वढली अन् कापलं की! मिस्त्री, मत सिद्ध झालं."

एरवी मिस्त्रींनी त्याला खिडकीतून फेकला असता. ते मटकन खाली बसले. "सुताराचा अंगठा मोडला मी. ज्या हातावर त्यानं देवाला जेवू घातला, तो हात. पाप कबूल करायला, कुम्साराला गेलो तर फादरला कळंल. नाय गेलो तरी ज्याला कळायचा त्याला कळलाच आहे." मग एकदम उठले. "विचारतील तेव्हा खरा सांगेन. पण सणाच्या दिवशी संत थोटा नाय बसणार. चिटणीस, सागाचा तुकडा आण."

अंगठा कोरायचा तर समोर नमुना हवा. ज्ञानूचा अंगठा भाकरीएवढा. माझा, मिस्त्रींच्या मते, "कारकुनाचा". शेवटी त्यांनी स्वतःचा डावा अंगठा टेबलावर ठेवला, त्याची मापं घेतली आणि उजव्या हाताने पटाशी चालवली. सकाळी पाहतो तर अंगठा असा हुबेहूब, की त्याच्याशी हस्तांदोलन करावं. चूक एवढीच होती की मिस्त्रींना नमुन्यात फरक करणं ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं हातोड्याखाली सापडून चपटं झालेलं पेर, चिरलेलं नख, करवतीचा आडवा वण, सगळं जसंच्या तसं! खडू आणि सरस भरून वर गुलाबी रंग दिला, तरी त्या राजबिंड्या हाताला तो अंगठा असा दिसे, जणू वरातीच्या घोड्यावर आमचा ज्ञानू बसलाय. रंग वाळण्यात तो दिवस गेला, बदलायला वेळ नव्हता. सुधारलेली करवत मुठीत बसली आणि सण उजाडला.

पुण्याचे फादर आले. पांढरी दाढी, हातात काठी, बगलेत आमची बत्तीस पानं. मिस्साची प्रार्थना झाली. मग ते मूर्तीपाशी गेले. पाहिलं. वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आमच्या फादरांचं तोंड खडूसारखं पांढरं पडलं.

"हा अंगठा कुणी केला?"

जन्मात पहिल्यांदा मिस्त्रींना पाच मिनिटांच्या नियमाबाहेर शब्द सुचेना. त्यांनी नुसता आपला डावा हात पुढे केला. मोठ्या फादरांनी तो हातात घेतला, मूर्तीच्या अंगठ्याशेजारी धरला आणि दोन्हींवरून बोट फिरवलं.

"माझ्या हातून मोडला, फादर," मिस्त्री कसेबसे म्हणाले. "करवत सुधारायला गेलो."

"माझे वडील मेस्त होते, गोव्यात," मोठे फादर म्हणाले. "सुतारकाम करायचे. त्यांचाही अंगठा असाच होता." मग आमच्या फादरांकडे वळले. "या मूर्तीत आजवर सुतार कुठेच नव्हता. आता एवढा एक अंगठा तरी आलाय. रंगवायला माणसं आली तर त्यांना याला हात लावू देऊ नका."

"आणि निबंध?" मी विचारलं. चिटणीस होतो ना!

"करवत ओढीची की रेट्याची, ते मला माहीत नाही. रोमलाही माहीत नसावं. पण यात भलतं काही नाही. वर लिहा, 'दापोडीचं मत', आणि पुढचा अभ्यास चालू ठेवा."

मिस्त्रींनी सोडलेल्या निःश्वासाने वेदीवरच्या मेणबत्त्या विझल्या. सहाही. हे मी शपथेवर सांगतो. आमच्या फादरांनी हसत हसत त्या परत पेटवल्या. त्या दुपारी मिस्त्री नऊ पुऱ्या आणि संबंध फणस जेवले, आणि पुढच्या रविवारी मौनाची पाच मिनिटं त्यांनी इतक्या सुखाने पाळली, की तशी त्याआधी किंवा त्यानंतर कधीच पाळली नाहीत. चेहरा लाल झालाच नाही. नुसते अंगठा चोळत बसले होते.

मंडळ पुढे सहा वर्षं चाललं. मग मिस्त्री नोकरीतून सुटले आणि वसईला पुतण्याकडे गेले. जाताना म्हणाले, "रविवार मोडू नका. मी नसलो तरी मापं घेत राहा." एका पावसाळ्याच्या अखेरीला पुतण्याचं कार्ड आलं. काका शांतपणे गेले, शेवटपर्यंत बोलत होते.

त्या रविवारी ज्ञानू आणि मी तीन वाजता चर्चमध्ये बसलो. मी वही उघडली आणि लिहिलं, 'अध्यक्ष गैरहजर.' पाच मिनिटं मौन झालं. सहावं मिनिट लागलं. छपराचा पत्रा हलेना. आता बोलायचं कुणी?

ज्ञानूने माझ्या वहीत डोकावलं. अक्षरओळख त्याला मंडळातच झाली होती. मग त्याने मूर्तीकडे हनुवटी केली. करवत धरून ते चपटं, चिरल्या नखाचं बोट जागच्या जागी होतं.

"गैरहजर कसं, राव?" तो म्हणाला. "त्ये काय, बसल्यात की हितं."

मी वहीतला तो शब्द खोडला, आणि आम्ही अभ्यासाला लागलो.