सदाने प्यायलेले पाणी

मंगळवारी दुपारी सदाशिव गेला. टाकवे बुद्रुकच्या दवाखान्याच्या ओट्यावर तो विद्यार्थ्यांशी बोलत बसला होता. बोलता बोलता थांबला आणि भिंतीला टेकला. विद्यार्थ्यांनी नाडी पाहिली. संध्याकाळच्या गाडीने त्यांच्यातला एक जण लोणावळ्याला आला, माझ्या दवाखान्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर गेले." मी कोणाच्या तरी हाताला पट्टी बांधत होतो. ती बांधून पुरी केली आणि मग विचारले, "कोण सर?" मला कळले होते, तरी विचारले. सदाला 'सर' म्हणणारे सहा जण दर वर्षी नवे येत. मला इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत तसे म्हणणारे कोणी भेटले नव्हते. त्या घटकेला मनात पहिले आले ते हे. दुःख नंतर आले... हे लिहायला लाज वाटते. पण संपादकांनी 'जवळचे मित्र' म्हणून माझ्याकडे लेख मागितला आहे, आणि सदाविषयी लिहायचे तर हे टाळून लिहिता येणार नाही.

पुण्याच्या वैद्यकीय शाळेत आम्ही एका खोलीत राहत होतो. तो परंदवडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, मी लोणावळ्याच्या शाळामास्तरांचा. त्यामुळे त्याने मला पहिल्याच आठवड्यात 'मास्तर' करून टाकले, ते शेवटपर्यंत. अंगातली सगळी हाडे मला नावानिशी पाठ होती. सदाला हाड हातात घेऊन फिरवल्याशिवाय त्याचे नाव आठवत नसे. परीक्षेच्या आधी मी त्याच्याकडून घोकून घ्यायचो, तो पेंगायचा, मी रागवायचो. निकालात माझे नाव वर असे, त्याचे शोधावे लागे. ती वर्षे माझी फार सुखात गेली.

इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा वर्ग बंद झाले आणि विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवण्यात आले. आम्हा दोघांच्या वाट्याला टाकवे आणि त्याच्या वर डोंगरात असलेली ठाकरवाडी आली. बरोबर औषधाच्या बाटल्या, एक थर्मामीटर आणि एक नोंदवही. वही अर्थातच माझ्याकडे. ठाकरवाडीत आम्ही एका झोपडीशी थांबलो. तिथली बाई, भागू, वस्तीची सुईण होती. तिची सासू तापाने पडली होती. मी वहीत लिहिले : आजारी, एक. भागूने गाडग्यातून पाणी आणून पुढे ठेवले. ते पाणी कुठले हे मी येताना पाहिले होते. विहिरीच्या पायऱ्या उतरून बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहत आणि तिथूनच हंडे भरत. "तहान नाही," मी म्हणालो. पाणी घाण होते हे खरेच. पण ते स्वच्छ असते तरी त्या घरी मी ते प्यालो असतो का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. पुढेही बरीच वर्षे विचारला नाही.

सदाने गाडगे उचलले आणि सगळे पाणी पिऊन टाकले.

भागू त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, झोपडीच्या मागे गेली आणि तिने त्याला हाताने खुणावले. मला नाही, त्याला. मागे कुडाच्या आडोशाला घोंगडीखाली दोन लेकरे तापाने फणफणलेली होती. आजाऱ्यांना उचलून सरकारी छपरात नेतात अशी वस्तीत भीती होती, म्हणून तिने ती लपवली होती. सदा तिथे तीन दिवस राहिला. दोघांपैकी एक वाचले. माझ्या वहीतला 'एक' खोडून मी 'तीन' केला. पुढे आमच्या गुरुजींनी त्या वहीचे वर्गात कौतुक केले, अक्षराचे आणि नेटकेपणाचे. ते चालू असताना सदा मागच्या बाकावर बसून माझ्यासाठी मनापासून टाळ्या वाजवत होता. माझे कान मात्र तापले होते. त्या घरात मी पुढच्या दारी उभा होतो आणि तो मागच्या दारी पोचला होता, हे आमच्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

वर्षभराने त्या पाण्याने आपला हिशेब दाखवला. सदाच्या घोट्याला फोड आला, फुटला आणि आतून नारूच्या दोऱ्यासारख्या किड्याचे टोक बाहेर डोकावले. मी ग्रंथ उघडून बसलो. सदा लंगडत कामशेतच्या गाडीत बसला आणि तिथून बैलगाडीने टाकव्यावरून वर वाडीत भागूकडे गेला. दोन दिवसांनी मी ग्रंथ घेऊन मागोमाग गेलो. ती नारूचे टोक एका बारीक काडीला गुंडाळत होती, दिवसाला बोटभर. सदाला कळ सोसवेना. त्याने काडीला हात घातला की ती त्याच्या मनगटावर चापटी मारायची.

"वढू नगं रं! तुटला म्हंजी पाय सुजंल तुजा. तुमच्या बुकात लय घाई दिसतीया."

"बुक मास्तरांचं आहे मावशी, माझं नाही," सदा कण्हत म्हणाला. "मला कशाला मारतेस? त्यांना मार."

"त्यास्नी कशाला? त्यास्नी काय नारू व्हनार हाय व्हय?"

वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी पण हसलो. पण त्या दिवशी मला सदाच्या पायातल्या किड्याचा हेवा वाटला, हे मी इथे पहिल्यांदा लिहितो आहे. कोणी माझ्या मनगटावर चापटी मारावी इतका मी तिथे कोणाचा नव्हतो.

पास झाल्यावर मी लोणावळ्याच्या बाजारात दवाखाना टाकला. हवापालटासाठी बंगल्यांत उतरणारी मुंबईची मंडळी, रेल्वेतले लोक, गावातली घरे... चांगला चालला. सदा टाकव्याला गेला. काही वर्षांनी त्याने आमच्या वैद्यकीय शाळेच्या चालकांच्या मागे लागून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. शेवटच्या वर्षाचे सहा विद्यार्थी दर वर्षी सहा आठवडे त्याच्याकडे राहू लागले. त्याची शिकवण्याची रीत अशी, की पहिले आठ दिवस स्टेथास्कोप ट्रंकेत कुलूपबंद. त्या दिवसांत विद्यार्थ्याने रोज एका घरी जायचे, बसायचे आणि पाणी मागायचे. नारूने शहाणा झाल्यापासून सदा जवळ धोतराचे दुहेरी फडके बाळगत असे. घरच्या बाईसमोर ते तांब्याच्या तोंडाला बांधायचे, पाणी गाळायचे आणि मगच प्यायचे. बायका बघत आणि आपल्या हंड्याला लुगड्याचा तुकडा बांधू लागत. पाणी पिऊन आलेल्याने सदाला सांगायचे, की हे पाणी कुठून आले, कोणी आणले, किती वेळ लागला, आणि आणणारीची तब्येत कशी आहे.

सहा आठवडे संपले की परीक्षा. परीक्षक, भागूमावशी.

एकदा मी ती परीक्षा पाहायला गेलो होतो. पुण्याचा एक हुशार विद्यार्थी उभा होता. नारूच्या अळ्या, पाण्यातला सूक्ष्म जीव, माणसाच्या पोटातला त्याचा प्रवास, त्याने सगळे सदाला धडाधडा सांगितले. मावशी तंबाखू मळत ऐकत होती.

"समदं झालं का? आता मला सांग, आमच्या वस्तीत सकाळच्याला पाण्याला पयली कोन जाती?"

त्याने सदाकडे पाहिले.

"बारकू ठाकराची सून. आठवा म्हयना लागलाय तिला, दोन हंडे घिऊन चढती. तिचं पाय बगितलंस का? सुजल्यात का न्हाई?"

"नाही बघितले, मावशी."

"सदाभाऊ, ह्याला अजून आठ दिस ठिवून घ्या. प्वार ग्वाड हाय, पर कच्चं हाय."

सगळे हसले, तो विद्यार्थीसुद्धा. आठ दिवस तो आनंदाने राहिला. मी मात्र त्याच दुपारी निघालो. मला माझी वही आठवली होती.

आता जे सांगायचे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेवर नवे मुख्य आले. त्यांनी मला पत्र लिहून विचारले, की आपण त्याच भागातले अनुभवी डॉक्टर आहात, या खेड्यातल्या शिक्षणाविषयी आपले मत कळवावे. मी आठ दिवस बसून पाच पाने लिहिली. फडक्याने नारू अडतो, विषमज्वर अडत नाही. घरोघरचे पाणी पिऊन एक विद्यार्थी तापाने आजारी पडला होता. निरक्षर सुइणीने परीक्षा घ्यावी असे कोणत्याही नियमात नाही. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. ठाकरवाडीत कित्येक वर्षांत नारू दिसला नव्हता, आणि अडलेल्या बाईला डोलीत घालून वेळेवर खाली आणायला वस्तीचे लोक आता कचरत नव्हते, हेही मला माहीत होते. ते मी लिहिले नाही. पुढच्या वर्षी विद्यार्थी आले नाहीत.

सदा आला. एका सकाळी माझ्या दवाखान्यात येऊन रुग्णांच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबला. मग आत येऊन म्हणाला, "शाळेत दाखवलं मला. अक्षर पहिल्या ओळीत ओळखलं."

मी भांडणाची तयारी केली होती. उत्तरे पाठ होती.

"तापाचं तुझं खरं आहे, मास्तर. त्या पोराच्या आजारपणानंतर मला सुचायला हवं होतं. मी आपला नारूलाच धरून बसलो. आता पाणी उकळायलाच लावतो. तू ये ना तिकडं. पाण्याचं तूच शिकव त्यांना. माझ्यापेक्षा नीट सांगशील."

"मला वेळ नाही."

"तहान नाही, वेळ नाही..." तो हसला. पिशवीतून पितळी तांब्या काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला. तोंडाला दुहेरी फडके बांधलेले. "हा ठेव. पन्नास घरचं पाणी प्यालाय हा. वेळ झाला तर घेऊन ये."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. माझ्या वाईट हेतूतून त्याने उपयोगाचे तेवढे काढून घेतले आणि हेतू माझा मला परत करून तो निघून गेला. दोन पावसाळे त्याने शाळेच्या पायऱ्या झिजवल्या. उकळलेल्या पाण्याची अट घालून विद्यार्थी पुन्हा येऊ लागले. तांब्या मी कपाटावर पुस्तकांच्या मागे ठेवला होता. मी गेलो नाही.

गेलो तो सदा गेल्यानंतर पंधरा दिवसांनी. ते सहाही विद्यार्थी पुण्याला परतले नव्हते. सहा आठवडे पुरे करायचे आणि मावशीची परीक्षा द्यायची, असे त्यांनी ठरवले होते. सरांच्या जागी कोणीतरी बसायला हवे, म्हणून त्यांनी मला बोलावले. ठाकरवाडीची चढण मला आता एका दमात जमत नाही. मावशी झोपडीच्या दारात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पाठीला बाक.

"कोन आलंय?"

"लोणावळ्याचे डॉक्टर, मावशी," एक विद्यार्थी म्हणाला. "सरांचे मित्र."

तिने मान तिरकी करून माझा अंदाज घेतला. "तहान न्हाई म्हनलं व्हतं, त्येच का?"

इतक्या वर्षांनी! मी 'होय' म्हणालो.

"आमी तुमाला त्याच नावानं वळखतो. सदाभाऊ सांगायचा आमास्नी. म्हनायचा, तहान न्हाई डाक्टरनी चूक दावली माजी, लय हुशार मानूस, त्यांनी सांगितलंया पानी उकळूनच प्यायचं. तवापासनं ह्ये चुलीवरचं आधान तुमचंच हाय की! बसा हितं."

माझा अहवाल त्याने वस्तीला असा वाचून दाखवला होता. ज्या घरात मी कधी पुन्हा आलो नाही, तिथे त्याने माझ्या नावाने रोज चूल पेटवून ठेवली होती, आणि मला त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता... विद्यार्थी माझ्याकडे पाहत होते. मावशीने पातेल्यातले पाणी गाडग्यात निवायला ओतले आणि माझ्यापुढे ठेवले. मी ते प्यालो. कोमट होते, धुराचा वास होता. मावशीने गाडगे चाचपून पाहिले, रिकामे झाले आहे याची खात्री केली आणि मग बोलायला लागली. तासभर बोलली. सगळे सदाविषयीच बोलली. मला त्याचा हेवा वाटला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो वाटत असताना रडूही आले.

सहांपैकी पाच पास झाले. सहाव्याला मावशीने आठ दिवस ठेवून घेतले.

परवा शाळेचे पत्र आले. डॉक्टर सदाशिव नसल्याने हे शिक्षण बंद करावे काय, आपले मत कळवावे. या वेळी मी चारच ओळी लिहिल्या. बंद करू नये, विद्यार्थी पाठवावेत, मी तिथे असेन आणि परीक्षक बदलू नये.

तांब्या कपाटावरून खाली काढला आहे. फडके जुने झाले होते, नवे बांधले. सोमवारी सकाळच्या गाडीने मी कामशेतला उतरतो.