आजचे भाविक

हे मी आजवर कुणापुढं बोलले नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं नाही, देवीपुढं तर मुळीच नाही — आणि तिचं देऊळ माझ्या दारापासून हाकेवर आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ रेटतेय.

मी तुळजापूरची. दुपारी चुलत सासऱ्यांच्या लॉजचं काउंटर सांभाळते, आणि उरल्या वेळात इथल्या लॉजवाल्यांना, पेढेवाल्यांना वेबसाइट करून देते. फार मोठी विद्या नाही हो! कोडबिड लिहावा लागत नाही. तयार साचा असतो. फोटोचा चौकोन माउसनं उचलायचा, हवा तिथं सोडायचा, खाली मजकूर टाकायचा. पान एकदा चढवलं की कुणी बदलेपर्यंत तसंच राहतं. तेच लॉजवाल्यांना आवडायचं नाही. म्हणायचे, मढ्यासारखं पडलंय की पान, कायतरी हालू द्या.

मग मी चलाखी केली. साच्यात तारखेचा एक चौकोन होता — पान उघडाल त्या दिवसाची तारीख आपोआप दाखवणारा. तो उचलला आणि आमच्या लॉजमधल्या एका जुन्या फोटोवर नेऊन ठेवला. शेजारी लिहिलं, ‘आजचे भाविक’. फोटोत काउंटरपाशी एक पोरगा हसत उभा होता. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ. कोण, कुठला, मला काय ठाऊक? तारीख रोज बदलायची, पोरगा रोज तोच. कुणाच्या लक्षात येणार होतं? पान सगळ्यांना लई आवडलं.

एका दुपारी माकणीकडची एक बाई धापा टाकत आली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात आमचंच पान. तो पोरगा तिचा होता — बापाशी भांडून घर सोडलेला, वर्षभर पत्ता नव्हता. तिला नळदुर्गाहून पोलिसांचं बोलावणं आलं होतं. हायवेवर एक बेवारस प्रेत सापडलंय, ओळख पटवायला या म्हणून. ती निघणार तेवढ्यात पुतण्यानं हे पान दाखवलं. आजची तारीख होती ना त्यावर.

“आज हितंच हाय न्हवं माझा पोरगा?”

आता सांगा, काय अवघड होतं? ‘मावशी, फोटो जुना आहे, तारखेचं सोंग माझं’ — एवढंच तर म्हणायचं होतं. पण शेजारी सासरे उभे होते. बाकावर दोघं लॉजवाले बसलेले, अगदी असंच पान हवंय म्हणून आलेले. माझं पितळ उघडं पडलं असतं. दुसरं काही कारण नव्हतं.

“सकाळीच गेले ते,” मी म्हणाले.

बाई मटकन खाली बसली. रडत रडत हसली, देवळाकडं तोंड करून हात जोडले. “मग आता मढं बघाया कशाला जाऊ?” म्हणाली. आणि गेली नाही. पुढं कानावर आलं, त्या प्रेताला कुणीच आलं नाही, सरकारनंच उरकलं. ते कुणाचं होतं? आता कोण सांगणार?

त्याच दिवशी मी फोटो काढून टाकला. वाटलं, सुटले. काही महिन्यांनी ती परत आली. चेहरा फुललेला. “आज बी आलाय की!” — आणि मोबाइल पुढं. तेच पान. तेच हसू. वर त्या दिवसाची तारीख.

मी काउंटरवर आमचं पान उघडून पाहिलं — त्यात पोरगा नव्हता. मग विचारता विचारता कळलं — शेतात रेंज नसते म्हणून पुतण्यानं पहिल्याच दिवशी अख्खं पान मोबाइलमध्ये उतरवून दिलं होतं. मी पुसलेलं पान तिच्या कनवटीला शाबूत होतं, आणि तारीख इमानानं पुढं सरकत होती. कारण समजलं. भीती गेली नाही.

ती येतच राहिली. दर खेपेला मी म्हणते, आत्ताच गेला. काय जेवला, कुठल्या खोलीत उतरला, ती विचारते आणि मी सांगते. काय काय सांगितलं म्हणता? आवाज बसलाय, शर्ट निळा होता, जिना चढताना एक पायरी गाळतो. हे सगळं मीच रचलेलं, बरं का! पण कधी भर दुपारी लॉज रिकामा असतो, आणि जिन्यावर पाऊल वाजतं — एक पायरी गाळून. मी मान वर करत नाही.

परवा मंगळवारी आली, तेव्हा फडक्यात शेंगाच्या पोळ्या बांधून आणल्या होत्या. त्याला द्या म्हणाली. जाताना उंबऱ्यात थांबली. “वाळलाय का गं?”

“नाही मावशी. चांगला भरलाय.”

पोळ्या मी खाल्ल्या. पुढच्या खेपेला ती विचारणार, आवडल्या का त्याला.