गुरुवारची सुट्टी

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फुस्स केलं की पिंपरीतल्या दवाखान्याची ती गार, अंधारी खोली आठवते. डॉक्टरबाई वडिलांच्या छातीवर जेल लावून पडद्यावर त्यांचं हृदय दाखवत होत्या. झडप नीट मिटत नव्हती, दर ठोक्याला थोडं रक्त मागे फिरत होतं, मशीनमधून फुस्स असा आवाज येत होता. कंपनीत जन्मभर मेंटेनन्स केलेले वडील म्हणाले, “व्हॉल्व्ह लीक हाय. गुरुवारी कंपनीच्या सुट्टीला मशीन बंद करून बदलू.” बाई हसल्या. “काका, याला सुट्टी नसते.” वडील पडद्याकडे बघत राहिले. “इतक्या वर्षांत एकदाबी न्हाई?” मी जेल पुसलं, तेव्हा हाताखाली धडधडत होतं. पुढे त्यांना शेवटची अंघोळ घालताना तीच छाती पुसली. सगळं बंद होतं. पंक्चरवाला विचारतो, “भाऊ, हवा किती मारू?” मी म्हणतो, “मार नेहमीएवढी.”