अर्धा कोयता, नग एक

“मॅडम, अर्धा कोयता जमा करून घेतो. कुठं हाय त्यो?” हवालदारांनी रजिस्टर उघडलं.

मी बाकाकडे बोट दाखवलं. “तो काय. चिवडा खातोय.”

बाकावर बारा वर्षांची रेणुका बसली होती.

ईरा, कबीर, तुमच्याकडच्या पोलीस स्टेशनात असं संभाषण होत नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. मी तेव्हा कामगार अधिकारी होते. लहान मुलांना कामाला लावल्याची तक्रार आली की जाऊन खातरजमा करायची, हे माझं काम. त्या सकाळी आम्ही कराडजवळच्या एका उसाच्या फडात गेलो. फड म्हणजे तोडणी चालू असलेलं शेत. टोळी जत तालुक्यातली होती. टोळी आणतो आणि चालवतो तो मुकादम.

“बालकामगार किती?” मी विचारलं.

“एक बी न्हाई, मॅडम. धा कोयतं आन् एक अर्धा.”

“मग ही मोळ्या बांधतेय ती कोण?”

“ह्योच की अर्धा कोयता! आईचा हात मोडलाय, तवा तिच्या जागी बापासंगं ही.”

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातलं एकटं माणूस म्हणजे अर्धा.

माझा क्लार्क सुहास शहरातून नुकताच बदलून आला होता. अक्षर सुंदर. पंचनामा, म्हणजे जागेवर पाहिलेल्या गोष्टींची नोंद, त्याने मुकादमाच्या शब्दांत लिहिला : ‘फडात अर्धा कोयता, नग एक, मिळून आला. ताब्यात घेतला.’ मुलीचा उल्लेखच नाही. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. न वाचता. माझ्या नोकरीत असं एकदाच झालं.

हवालदारांनी पंचनाम्यावरून ती नोंद मुद्देमाल रजिस्टरात केली. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेली वस्तू.

“हे खोडा,” मी म्हटलं.

“शाईनं लिवलंय, मॅडम. खाडाखोड करायला मोठं सायेब लागत्यात. ते बंदोबस्ताला गेल्यात. सोमवारी येतील.” मग त्यांनी पुढचा रकाना पाहिला. “वस्तूची स्थिती काय लिवू?”

“भुकेली,” मी म्हटलं. त्यांनी तेही लिहिलं.

मी माझ्या साहेबांना फोन लावला.

“अर्धा कोयता? मोडका असेल तर दोन्ही तुकडे जप्त करा.”

“साहेब, तो बारा वर्षांचा आहे.”

“मग गंजलेला असणार. तसं नमूद करा.” फोन बंद.

दुपारी मुकादम आला. सोबत रेणुकाचे आईवडील. आई सत्यव्वा, हात प्लास्टरमध्ये. मुकादमाने बापाचं हमीपत्र तयार करून आणलं होतं. आमच्याकडे रीत अशी, की बापाने ‘पुन्हा कामाला लावणार नाही’ असं लिहून दिलं की मूल बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी परत मिळतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ही टोळी कर्नाटकात निघणार होती. तिथे ते हमीपत्र वाचायला कोण जाणार?

“आवं हवालदार, पोर द्या. बापाची सही हाय.”

“पोर? माझ्याकडं पोर जमाच न्हाई.” हवालदारांनी रजिस्टर फिरवलं. “ह्ये वाचा. अर्धा कोयता. मुद्देमाल. कोर्टाच्या हुकमाबिगर हालायचा न्हाई.”

“ही समोर बसलीया की!”

“मग तसं लिवून द्या. ही पोर हाय, वय बारा, आन् माझ्या टोळीत ऊस तोडाय हुती. खाली सही करा.”

मुकादमाने पेन हातात घेतलं. थोडा वेळ विचार केला. पेन परत ठेवलं.

मी रेणुकाच्या वडिलांकडे वळले. ते पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होते. सत्यव्वा मात्र पुढे आली.

“मॅडम, जप्त केल्यावर पोरीला परत फडात न्हेता येत न्हाई न्हवं?”

“नाही.”

“मंग ऱ्हाऊ द्या जप्तच.”

रेणुकाने आईला विचारलं, “अव्वा, मला कपाटात ठिवत्यात का गं?”

मुद्देमाल परत द्यायला कोर्टाचा हुकूम लागतो, पण जपून ठेवायला तो सरकारी संस्थेकडे देता येतो. घेणाऱ्याने फक्त पावती द्यायची. मी मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि लिहिलं : ‘अर्धा कोयता, नग एक, सुस्थितीत मिळाला.’ सोमवारी बालकल्याण समितीने तिला वसतिगृहातच ठेवायचा रीतसर आदेश दिला. मंगळवारपासून ती शाळेत.

हवालदार खरोखर नियमाला इतके पक्के होते, की मुद्दाम तसं वागले? मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. ती नोंद दुरुस्त व्हायला पुढे आठ महिने लागले. तोवर रेणुका सहामाही पास झाली होती.

सही करण्याआधी कागद वाचावा, हे मी तुमच्या आईला शिकवलं, तुम्हालाही तेच सांगते. त्या दिवशी मी तो वाचला असता, तर दुरुस्त केला असता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रेणुका टोळीबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असती. तरीही वाचत जा.